त्यांनी मनाली ठरवली, मला समुद्र पाहायचा आहे

*ताई, माझं लग्न फेब्रुवारीत आहे. मी दारव्हा तालुक्यातली, उपकेंद्रावर नर्स आहे. सुट्टी बारा दिवसांची मिळेल, त्याहून जास्त नाही. ते दिग्रसकडचे, घरची शेती आहे, कापूस, तूर, हरभरा. साक्षगंध झालं तेव्हापासून आमचं फोनवर बोलणं होतं. मागच्या आठवड्यात ते म्हणाले, 'मनालीचं पॅकेज पाहून ठेवलं, माझे दोन दोस्त आन् त्यायच्या बायका पण येणार हायेत.' पैसे हप्त्यानं भरू म्हणतात. मला काही विचारलं नाही. मला तर यवतमाळ-नागपूर एसटीत पण गाडी लागते. आन् खरं सांगू का, मले लहानपणापासून समुद्र पाहाचा हाय, अजून एकदाही पाह्यला नाही. सासूबाई म्हणतात, आधी माहूर, मग शेगाव, मग कुठं जायचं ते जा. आत्ताच नाही म्हटलं तर मी हट्टी वाटेन का? बोलू की गप्प राहू?*
*एक होणारी नवरी*

पोरी,

बोल. आणि लवकर बोल. एकदा का पॅकेजची आगाऊ रक्कम भरली की 'आता पैसे भरले ना' या एका वाक्यापुढे तुझं सगळं म्हणणं मागं पडेल.

त्यांनी विचारलं नाही, याचं तुला वाईट वाटलं ते बरोबरच आहे. पण तुला गाडी लागते हे त्यांना ठाऊक आहे का? तू समुद्र पाहिलेला नाही, हे तू कधी सांगितलंस का? पत्रावरून तरी वाटतं की नाही. दोस्तांच्या बायका मनालीला जाऊन आल्या, बर्फातले फोटो आले, तेव्हा हिलाही तेच आवडेल असं समजून त्यांनी हौसेनं ठरवलं असेल. त्या हौसेला नाव ठेवू नकोस. त्यांना तुझी माहिती मिळालेली नाही, एवढंच.

मी हे इतकं ठामपणे म्हणते, कारण मी गप्प राहिले होते. माझं लग्न 1983 चं, मे महिन्यातलं. आम्ही चिखलदऱ्याला गेलो, सोबत नणंद आणि तिची दोन लेकरं. कुठं जायचं हे मला कुणी विचारलं नाही, आणि नव्या नवरीनं बोलायचं नसतं असं आईनं बजावून पाठवलं होतं. लग्नातल्या नव्या चपला पायाला चावत होत्या. पहिल्याच दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. यांनी मोठ्या उत्साहानं देवी पॉइंट दाखवला, भीमकुंड दाखवलं, गाविलगडावर नेलं, आणि मी दात आवळून मागं मागं चालत राहिले. त्यांना वाटलं, हिला काहीच आवडत नाही. मला वाटलं, या माणसाला माझी काही पडलेली नाही. परत येताना परतवाड्याच्या स्टँडवर एसटी दोन तास उशिरा होती. नणंद लेकरांना घेऊन बाकावर कलंडली, तेव्हा यांचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. काही न बोलता उठले, बाजारातून साध्या रबरी चपला घेऊन आले आणि म्हणाले, 'बोलली का नाहीस?' त्या दोन तासांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं आधीच्या चार दिवसांत बोललो नव्हतो. गाविलगड मी नीट पाहिला तो पुढं अकरा वर्षांनी.

आपल्याकडच्या मुला-मुलींसाठी हे फिरायला जाणं कशासाठी असतं, याचा विचार आधी कर. लग्नानंतर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. खोलीचं दार लावलं तरी बाहेर ओसरीत कुणीतरी झोपलेलं असतं. पहाटे उठून सडा-सारवण, आल्या-गेल्याचा चहा, आणि घरभर नव्या माणसांच्या नजरा. दोन माणसं एकमेकांना ओळखायला लागतात ती या गडबडीतून चार दिवस बाहेर पडल्यावर. म्हणून मी तुला एकच माप देते: गाडीत कमी वेळ आणि मुक्कामाला जास्त वेळ, असं ठिकाण निवडा. डोंगर की समुद्र हे त्यानंतर.

आता त्या मापानं मनाली मोजू. बारा दिवसांतून हळद, लग्न, सत्यनारायण, मांडवपरतणी आणि माहूर काढलं की हातात सहा, फार तर सात दिवस उरतात. दिग्रसहून नागपूर गाठायला अर्धा दिवस. नागपूर ते दिल्ली रेल्वेनं जवळपास 1,090 किलोमीटर, म्हणजे पंधरा-सोळा तास. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस आणखी बारा ते चौदा तास, त्यातला अर्ध्याहून जास्त रस्ता वळणावळणाचा. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, वर गाड्यांची वाट पाहण्यातला वेळ. उरले तीन दिवस. त्यातला पहिला तुझा अंथरुणावर जाईल, कारण यवतमाळ-नागपूरच्या सरळ रस्त्यावर ज्याला गाडी लागते त्याला तो घाट सोडत नाही. तू नर्स आहेस, गाडी का लागते ते तुला माहीत आहे: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो हलतोय आणि डोळ्यासमोरची सीट सांगते स्थिर आहे. हे त्यांना असंच समजावून सांग. बऱ्याच पुरुषांना वाटतं की गाडी लागणं म्हणजे मनाचे खेळ.

फेब्रुवारीत मनालीला बर्फ असतो, सोलांग खोऱ्यात मिळतो, हे खरं. पण ज्या रोहतांग खिंडीचे फोटो पॅकेजच्या जाहिरातीत असतात, ती 3,978 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फानं बंद असते. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून खिंड न चढता लाहौलकडं जाता येतं, पण जोराचा बर्फ पडला की तिकडची वाहतूकही थांबवतात. तेव्हा पॅकेजवाल्याला नेमकं विचारा: या महिन्यात काय दाखवणार आणि काय नाही? 'तीन रात्री, चार दिवस' म्हणजे पहिला दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा निघण्यात गेला, हेही मोजून घ्या.

पण त्यांना जर मनापासून बर्फच पाहायचा असेल, तर ती इच्छाही तुझ्या समुद्राइतकीच खरी आहे. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य 45 अंशांच्या उन्हात शेतात गेलं, त्याला बर्फाला हात लावून पाहावासा वाटणारच. तसं असेल तर ते नीट करा. पुढच्या वर्षी हरभरा घरात आला की पेरणीपर्यंत शेताला उसंत असते. तेव्हा एप्रिलमध्ये दहा दिवस काढा, दिल्लीला एक मुक्काम करून शीण घालवा, मग दिवसाच्या गाडीनं पुढच्या सीटवर बसून वर जा. वाटेत मंडीला थांबता येतं. दोघांपैकी एकाचं यंदा, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी. दोन दिवस समुद्र आणि दोन दिवस डोंगर अशी वाटणी मात्र करू नका. त्यात दोन्ही गोष्टी अर्ध्या होतात आणि सगळा वेळ बॅगा भरण्यात जातो.

तीन जोडपी मिळून जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता नको. दोस्त एकत्र आले की ते तिघं गप्पांत रंगणार, आणि तू ज्या दोन बायकांना ओळखत नाहीस त्यांच्यासोबत बसणार. तुझ्या नवऱ्याशी तुझी ओळख व्हायच्या आत त्याच्या दोस्तांची चांगली ओळख होईल. वर्षभरानं त्यांच्यासोबत खुशाल जा, तेव्हा मजा येईल.

आता आपल्या जवळची ठिकाणं पाहू. चिखलदरा हजार मीटरहून उंच, थंड, सातपुड्यात कॉफी पिकणारं, आणि तिथली रबडी विसरता येत नाही अशी. पण फेब्रुवारीत धबधबे आटलेले असतात आणि परतवाड्यावरून वर घाट आहे. पचमढी सुंदर आहे, पण महाशिवरात्र फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येते आणि तेव्हा आपल्याच विदर्भातली माणसं हजारोंनी त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला निघालेली असतात. ती यात्रा म्हणून जा, नव्या नवरा-नवरीसाठी ते दिवस नाहीत. ताडोबाला जायचं तर मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा आणि सफारीचं आधी ऑनलाइन बुकिंग करा. पहाटे उठून जिप्सीत बसायचं आणि वाघ दिसेलच याची खात्री नाही. दोघांनाही जंगलाची ओढ असेल तरच ते करावं. तुला नाही, ते पत्रात दिसतं.

तुला समुद्र पाहायचा आहे. मग समुद्र.

आपण देशाच्या मधोमध राहतो, समुद्र कुठूनही लांबच. पुरीला जाता येतं, दर्शनही होईल, पण नागपूरहून एक दिवस-रात्र गाडीत जाते आणि तिथल्या लाटा दांडग्या. गोवा किंवा मालवण तुमच्या सहा दिवसांत ओढाताणीचं होईल. मला तुमच्यासाठी अलिबाग बरं वाटतं. दारव्ह्याहून नेरमार्गे बडनेरा गाठा किंवा कारंजामार्गे मूर्तिजापूर. दोन्ही ठिकाणी विदर्भ एक्सप्रेस थांबते. रात्री झोपून जायचं, सकाळी मुंबई. रेल्वेत बहुतेकांना एसटीइतकं मळमळत नाही, आणि आडवं झोपलं तर फारच कमी. मुंबईत उतरलं की टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडिया. तिथून मांडव्याला लाँच जाते, साधारण तासाभराचा प्रवास, आणि पुढं अलिबाग. दुपारच्या जेवणाला तुम्ही मुक्कामी असाल. लाँचमध्ये आत कोंडून बसू नकोस, मधल्या भागात उघड्यावर बस आणि नजर लांब क्षितिजावर ठेव. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फुकट जाते, हे तू रोज लोकांना सांगत असशील. लाँच नकोच वाटली तर पनवेलहून अलिबागची एसटी आहे. 2023 पासून राज्यभर महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढीच बचत.

राहायला गावातल्या मुख्य किनाऱ्यापेक्षा आक्षी किंवा नागावकडं पाहा. नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्याची सोय असते. शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तिकडं येते आणि भावही चढतात. सोमवार ते शुक्रवार चार रात्री एकाच जागी राहा. खोली ठरवताना स्वतः फोन करा आणि विचारा: दाराला आतून नीट कडी आहे का, न्हाणीघर खोलीला लागून आहे का, गरम पाणी किती वाजता असतं, रद्द केलं तर पैसे किती परत मिळतात? आगाऊ द्यायचं तर थोडंच द्या आणि त्याची पावती मागा.

अलिबागसमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून चालत किल्ल्यात जाता येतं, भरती आली की तोच किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. आत गणपतीचं देऊळ आहे, आणि भोवती एवढं खारं पाणी असून गोड्या पाण्याची सोय आहे. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली ओळख मी तरी दाखवू शकत नाही. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनवेला-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. तुमच्या घरी पंचांग असेलच, दोघं मिळून हिशेब करून पाहा. पण किल्ल्यात पाऊल टाकण्याआधी तिथल्या माणसाला 'परत कधी निघायचं' हे विचारल्याशिवाय जाऊ नका.

आणखी एक गोष्ट त्यांना बजावून सांग. आपल्याकडची मुलं तलावात, नदीत पोहतात आणि समुद्रालाही तसंच समजतात. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, तिथं नदीतलं पोहणं कामी येत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, अंधार पडल्यावर तर अजिबात नाही. जेवणाचं म्हणशील तर आपल्या तिखटाच्या जिभेला तिकडचं नारळाचं वाटण सुरुवातीला गोडसर लागेल. दुसऱ्या दिवशी आवडायला लागतं.

पैशाचं. हप्त्यानं फिरायला जाऊ नका. आणि पीककर्जाच्या पैशाला तर हातही लावू नका. ते मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत मिळते, चुकलं तर ती जाते आणि पुढच्या हंगामाला बँकेच्या दारात उभं राहताना जड जातं. तुम्ही दोघं कमावता. तूर विकून आलेल्यातलं त्यांचं काही, तुझ्या पगारातलं तुझं काही, असं आधी ठरवा आणि तेवढ्यात बसेल तेच करा. खर्चात तुझा वाटा असला की ठरवण्यातही तुझा शब्द राहतो. त्यांना 'तुमचा हरभरा कधी सोंगायला येतो' हेही विचार. शेत उभं टाकून निघालेल्या माणसाचं अर्धं मन मजुरांच्या फोनकडं लागलेलं असतं.

सासूबाईंचं ऐका. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊन या, तुम्हाला ते एका दिवसाचं आहे. त्यांनाही सोबत न्या. नव्या सुनेला घेऊन देवीच्या पायऱ्या चढायचं त्यांनी कधीपासून मनात धरलं असेल. शेगाव अलिबागच्या वाटेवरच आहे, पण जाताना उतरू नका, एक दिवस मोडतो. येताना उतरा, दर्शन घ्या, प्रसाद घेऊन घरी जा. असं सांगितलंत तर त्या समुद्राला नाही म्हणणार नाहीत.

तिकिटाचं एक विसरू नकोस. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. 20 फेब्रुवारीला निघायचं असेल तर 22 डिसेंबरला. तिकीट काढताना ते हौसेनं तुझं नवं नाव टाकतील. तसं करू देऊ नकोस. आधार कार्डावर जे नाव आहे तेच तिकिटावर हवं, माहेरचं असलं तरी. खोलीसाठीही दोघांची ओळखपत्रं लागतात. लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेव.

आणि जे घरात कुणीही तुझ्याशी बोलणार नाही, ते मी बोलते. पाळीची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर मनानं गोळ्या घेऊन ती ढकलू नकोस, आधी डॉक्टरांचा सल्ला घे. मूल लगेच हवं की थांबायचं, हे निघण्याआधी दोघांनी बोला. दवाखान्यात बायकांना तू हेच समजावतेस, स्वतःच्या वेळी लाजू नकोस. पहिल्या रात्री, दुसऱ्या रात्री काही घडलंच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. दमलेली असशील तर दमले म्हण, नको वाटलं तर नको म्हण. चांगला माणूस थांबतो.

आता फोनवर काय म्हणायचं. 'मला मनाली नको' असं सुरू करू नकोस, त्यांना वाटेल आपण ठरवलेलं मोडलं. पॅकेजचं नावही आधी काढू नकोस. असं म्हण: 'ऐका न, मले एक सांगाचं होतं. मी समुद्र कधीच पाह्यला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्यासोबत पाहाचा हाय. आन् मले गाडी लागते, घाटात लई होते. तुमाले मनालीत काय पाहाचं होतं, ते पण सांगा मले.' मग गप्प बस आणि त्यांना बोलू दे. ते काय सांगतात ते नीट ऐक. बर्फ म्हणाले तर पुढच्या एप्रिलचं ठरवा. दोस्तांना शब्द दिला म्हणाले तर 'त्यायले मी सांगू का, की तुमी सांगता?' एवढंच विचार.

संध्याकाळी सात-साडेसातला ते शेतावरून घरी येत असतील. हातपाय धुवून, चहा होऊ दे. त्यानंतर लाव.